देवळाचं पीठ, वेदीबंध, अधिष्ठान, जगती : नेमकं कशाला काय म्हणायचं?

शाळामास्तरीण :
नमस्कार मंडळी. आमच्या आठवी-नववीची सहल यंदा सिन्नरच्या गोंदेश्वराला जाणार आहे. मुलांच्या हातात द्यायला चार पानांची पुस्तिका करतेय. शिखर, मंडप, गाभारा लिहून झालं. अडलंय ते पायथ्याशी. जमिनीपासून भिंतीवरच्या मूर्तींपर्यंत दगडाचे आडवे थर एकावर एक चढत जातात. कुठे गोल, कुठे धारदार, मध्येच खोल खाच. त्यांना एका लेखात ‘अधिष्ठान’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘पीठ’, तिसऱ्यात ‘वेदीबंध’ आणि एका फलकावर सरसकट ‘जोते’. ‘जगती’ हा शब्द तर एकाने अख्ख्या चौथऱ्याला वापरलाय, दुसऱ्याने त्यातल्या एका थराला.

हे सगळे शब्द एकाच गोष्टीचे आहेत का? नसतील तर मुलांना समजेल असा फरक कसा सांगायचा? थरांना वेगवेगळी नावं आहेत का?

देऊळ बघायला गेल्यावर सगळे माना वर करून फिरतात आणि गुडघ्याच्या उंचीवर काय आहे तिकडे कोणी बघतच नाही, हे मला फार खटकतं. मुलांना तरी आधी तोच भाग दाखवावा असं मनात आहे.

खवय्यी :
शीर्षकात पीठ दिसलं म्हणून भाजणी समजून धावत आले. आलेच आहे तर बसते ऐकत.

कातळवाट :
ताई, फार चांगला विषय काढलात. हे शब्द समानार्थी नाहीत. खालून वर जाऊ या.

गोंदेश्वराला पायऱ्या चढून तुम्ही ज्या मोठ्या मोकळ्या ओट्यावर येता, ज्यावर मधलं मुख्य देऊळ आणि भोवतीची चार लहान देवळं अशी पाचही उभी आहेत, ती जगती. तिच्यावर चालता येतं, प्रदक्षिणा घालता येते. जगतीवर प्रत्येक देवळाचं स्वतःचं जोतं असतं, ते पीठ. पीठ संपलं की भिंत सुरू होते, आणि त्या भिंतीच्या पायाशी फिरणारा थरांचा पट्टा म्हणजे वेदीबंध. त्यावर जंघा, म्हणजे मूर्ती असलेली भिंत. मग वरंडिका, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचे पुढे आलेले थर, आणि तिच्यावर शिखर.

मुलांना सांगायला एक खूण देतो. पीठ अख्ख्या देवळाला उचलून धरतं, वेदीबंध भिंतीला. आतल्या फरशीची पातळी बहुधा पीठाच्या माथ्याशी जुळते. त्यामुळे दारात उभं राहून उंबऱ्याखाली किती थर गेले ते पाहिलं की पीठ कुठे संपलं याचा अंदाज येतो.

वेदीबंधाचे मुख्य थर खालून असे : खुर, कुंभ, कलश, कपोत. खुर म्हणजे खालचा उभट थर, नावाप्रमाणे जनावराच्या खुरासारखा जमिनीवर रोवलेला. कुंभाचा चेहरा सपाट आणि खांदा गोलाकार. कलश पूर्ण गोल फुगीर, आडव्या ठेवलेल्या लोडासारखा. मग एक खोल सावलीची खाच, तिला अंतरपत्र म्हणतात. आणि सगळ्यांत वर कपोत, पुढे झुकलेला, छपराच्या वळचणीसारखा.

शाळामास्तरीण :
वा! लगेच वहीत उतरवलं. पण मग पीठाचे थर वेगळे का? की तिथेही कुंभ-कलशच?

रेषाआणिछाया :
पीठाचे वेगळे. मी वास्तुविशारद आहे आणि विद्यार्थ्यांकडून या थरांचे छेद कागदावर काढून घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पायाची जाड शिळा ती खरशिला. तिच्यावर भिट्ट, एक किंवा अधिक साधे पट्टे. त्यावर जाड्यकुंभ. याला कुंभ म्हणत असले तरी तो वेदीबंधातल्या कुंभासारखा दिसत नाही. हा खालून वर आत झुकत जाणारा उतार असतो, आणि त्यावर पुष्कळदा पाकळ्या कोरलेल्या असतात. मग कर्णिका, सुरीच्या पात्यासारखी बाहेर आलेली धार. मग ग्रासपट्टी, म्हणजे कीर्तिमुखांची रांग. डोळे वटारलेली तीच ती तोंडं शेजारी शेजारी बसवलेली. त्याच्या वर ऐपतीप्रमाणे हत्तींचा गजथर, घोड्यांचा अश्वथर आणि माणसांचा नरथर.

या ऐपतीवरून पीठाचे प्रकारही ठरतात. ग्रासपट्टीवर थांबलं तर कामदपीठ. त्यावर फक्त हत्ती आले तर गजपीठ. हत्ती, घोडे, माणसं सगळे आले तर महापीठ. ही परंपरा पश्चिम भारतात, विशेषतः गुजरात-राजस्थानच्या सोळंकी काळातल्या देवळांत सगळ्यांत पूर्णपणे पाहायला मिळते. आपल्या दख्खनी देवळांत सगळे थर क्रमाने सापडतीलच असं नाही. आपले कारागीर काही थर गाळतात, काही जोडतात, एकाच थराला दुहेरी करतात. म्हणून मुलांना यादी पाठ करायला लावू नका. थराचा आकार डोळ्यांनी ओळखता येणं महत्त्वाचं.

शंकासुर :
प्रामाणिकपणे विचारतो. खुर, कुंभ, कलश ही नावं पाठ करून हाती काय लागणार? शेवटी ती नक्षीच आहे ना? भिंत सरळ जमिनीतून वर काढली असती तरी देऊळ उभं राहिलंच असतं.

रेषाआणिछाया :
उभं राहिलं असतं, पण इतकी शतकं टिकलं असतं का, हा खरा प्रश्न आहे.

आपली ही देवळं चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून बांधलेली. पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळत खाली आलं की ते प्रत्येक आडव्या सांध्यात शिरायला बघतं. कपोत पुढे आलेला असतो, त्याच्या कडेवरून पाणी थेंबाथेंबाने सुटं पडतं आणि खालच्या सांध्यापासून लांब राहतं. युरोपातल्या दगडी इमारतींतही जोत्याच्या माथ्यावर असाच पुढे आलेला थर काढतात, त्याचं काम हेच. आपल्याकडे अनेकदा एक थर म्हणजे दगडांची एक ओळ असते आणि दोन ओळींचा सांधा नेमका अंतरपत्राच्या सावलीत येतो. सांधा दिसत नाही आणि उघडाही पडत नाही.

दुसरं, पायथा भिंतीपेक्षा रुंद असल्यामुळे वरचं वजन मोठ्या क्षेत्रावर उतरतं. भूमिज किंवा इतर कुठल्याही नागर, म्हणजे उत्तरेकडच्या पद्धतीच्या, शिखराचं वजन काही थोडं नसतं.

आणि तिसरं कारण प्रकाशाचं. आपला बेसाल्ट काळा. त्यावर उथळ नक्षी कोरली तर दहा पावलांवरून काही दिसत नाही. पण आडवे खोल थर काढले की ऊन माथ्यावर चढल्यावर प्रत्येक थराखाली सावलीची रेघ पडते आणि अख्खं जोतं वाचता येतं. म्हणून मास्तरीणबाई, मुलांना हे थर भर उन्हात दाखवा. जंघेवरच्या मूर्तींना सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं, थरांना वरून येणारं.

शंकासुर :
पाण्याचा मुद्दा पटला. सावलीचा स्वतः जाऊन बघेन.

रंधा :
आमचं घराणं सुताराचं. ‘गोल फुगीर’ आणि ‘आत वळलेला’ असं वाचताना हसू आलं, कारण आमच्याकडे याला गोला आणि गलता म्हणतात. दाराच्या चौकटीला, कपाटाच्या वरच्या पट्टीला गोला-गलता काढायचा वेगळा रंधाच असतो. वडिलांकडे त्याचे वेगवेगळ्या पात्यांचे कितीतरी रंधे होते. म्हणजे कलश हा आमचा गोला, आणि जाड्यकुंभाचा तो आत-बाहेर वळणारा उतार हा गलता. पाथरवट आणि सुतार यांची आकारांची भाषा एकच दिसते.

रेषाआणिछाया :
@रंधा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. भारतीय दगडी देवळांतले पुष्कळ आकार लाकडी बांधकामातून आलेत. कपोत हा मुळात गवताने शाकारलेल्या छपराचा पुढे आलेला काठ. म्हणून तर त्याच्यावर अधूनमधून लहान गवाक्ष कोरलेलं असतं, छपरातल्या झरोक्यासारखं. म्हणजे देवळाच्या पायथ्याशीच एक बुटकं घर आहे, आणि त्याच्या छपरावर खरी भिंत उभी आहे. हे एकदा दिसलं की मग ते थर नुसते पट्टे वाटत नाहीत.

गोदाकाठ :
पण ही सगळी हेमाडपंतीच ना? आमच्याकडे काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ हेमाडपंती म्हणतात. मग हेमाडपंताने ठरवलेले थर असं लिहिलं की झालं.

कातळवाट :
असं कृपया लिहू नका. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. हेमाद्रीच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचा. अंबरनाथचं जोतं पाहा, थरांची पूर्ण प्रगल्भ मांडणी तिथे आधीच आहे. बिनचुन्याच्या बांधणीला बोलीत हेमाडपंती म्हणायला माझी हरकत नाही, पण थरांचं श्रेय त्या एका माणसाला देणं हा अनाम पाथरवटांवर अन्याय आहे.

अंबरनाथचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथे गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. त्यामुळे पीठाचा माथा म्हणजे आतली फरशी, ही मी वर दिलेली खूण मंडपाला लावा, गाभाऱ्याला नको.

गोदाकाठ :
हे माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या फलकावर हेमाडपंती असं लिहिलंय, तो फलक बदलायचा विषय काढतो.

तंजावरी :
मी तमिळनाडूत वाढलेला मराठी माणूस. आमच्याकडे ‘अधिष्ठान’ हाच शब्द. आणि मूळ धाग्यातलं जगतीचं कोडं इथेच सुटतं.

द्राविड, म्हणजे दक्षिणेकडच्या पद्धतीत देवळाच्या पायथ्याला अधिष्ठान म्हणतात. त्याचे थर खालून वर : उपान, जगती, कुमुद, कंठ, आणि वर कपोत किंवा पट्टिका. म्हणजे आमच्यात जगती हा अधिष्ठानातला एक उंच सपाट थर आहे, आणि तुमच्या नागर पद्धतीत जगती म्हणजे ज्यावर देऊळ उभं आहे तो अख्खा ओटा. शब्द एकच, अर्थ दोन. तुम्ही वाचलेले दोन्ही लेखक बरोबर असू शकतात, त्यांनी कुठल्या देवळाबद्दल लिहिलंय यावर ते ठरेल. अधिष्ठान अजून उंच करायचं असेल तर त्याच्या खाली उपपीठ घालतात.

कुमुद हा ओळखायला सगळ्यांत सोपा. कधी पूर्ण गोल, कधी पैलूदार. कंठ म्हणजे गळा, आत गेलेला भाग, त्यात बुटके खांब कोरलेले असतात. सर्वांत वर पुष्कळदा व्यालांची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यांची रांग असते, ती लाकडी तुळयांच्या बाहेर आलेल्या टोकांच्या जागी आलेली.

तंजावरचं बृहदीश्वर पाहायला याल तेव्हा विमानाच्या, म्हणजे गाभारा आणि त्यावरच्या शिखराच्या पायथ्याशी वाका. पहिल्या राजराजाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या देवळाला दिलेल्या देणग्या, दागिने, दिव्यांची सोय, सेवकांच्या नेमणुका, सगळं तिथे पायथ्याच्या दगडांवर तमिळमध्ये कोरलंय. अख्खं दप्तर जोत्यावर. आणि त्याच आवारातल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा भला मोठा मराठी लेख आहे. मराठी माणसं तो बघायला येतात, वाचतात, फोटो काढतात, पण जोत्यावरचा तमिळ लेख बघायला कुणी थांबत नाही याचं मला वाईट वाटतं.

शाळामास्तरीण :
@तंजावरी दादा, तुमच्या एका परिच्छेदाने माझी किती दिवसांची गाठ सुटली! मनापासून आभार.

माणदेशी :
मग महाराष्ट्रातल्या देवळांना अधिष्ठान म्हणायचंच नाही का? आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हाला तोच शब्द शिकवला. अधिष्ठान म्हणजे आधार. अर्थ तर सगळ्यांना कळतो. उगाच सोवळंओवळं नको.

कातळवाट :
सर्वसाधारण बोलण्यात चालेल. पण कैलासाचं काय कराल? वेरूळचं कैलास लेणं महाराष्ट्रात आहे आणि पद्धत द्राविड. राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं. तिथे अधिष्ठान हा शब्द हक्काचा. गोंदेश्वर भूमिज, म्हणजे नागर परंपरेतल्याच शिखराचं, तिथे पीठ आणि वेदीबंध हक्काचे. एकच शब्द दोन्हींना लावला तर दोन वेगळ्या परंपरा आहेत हेच मुलांना कळणार नाही. भेद दाखवायलाच तर नावं असतात.

माणदेशी :
आठवीतल्या मुलांना नागर-द्राविडचा भेद पहिल्याच सहलीत द्यायलाच हवा, हे मला अजून पटत नाही. ‘जोतं’ म्हणा की. आमच्या वाड्याला जोतं, देवळाला जोतं. आपला शब्द आहे, मुलं विसरणार नाहीत.

रेषाआणिछाया :
माणदेशी म्हणतात त्यात तथ्य आहे. जोतं हा शब्द सगळ्या पायथ्यासाठी घ्यावा, आणि त्याच्या आत पीठ-वेदीबंध. कुणाला दोन्ही परंपरा शेजारी शेजारी पाहायच्या असतील तर कर्नाटकातलं पट्टदकल गाठा. विरूपाक्ष द्राविड, काशीविश्वनाथ आणि गळगनाथ नागर, सगळी एका आवारात म्हणावीत इतकी जवळ. एकाच्या जोत्यावर हात ठेवून दुसऱ्याकडे चालत गेलं तरी फरक कळतो.

कैलासाबद्दल मात्र मला एक गोष्ट सांगायचीच आहे. बांधलेल्या देवळात पायथ्याचे थर सगळ्यांत आधी बसतात. कैलास वरून खाली कोरत आणलेला. म्हणजे तिथे शिखराचा माथा आधी सुटला आणि पायथ्याचे थर सगळ्यांत शेवटी कोरले गेले. वरचं सगळं काम झाल्यावर, खाली किती दगड शिल्लक ठेवायचा हे ज्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं, त्यांच्या हिशेबाची कल्पना करा. खाली जे हत्ती आणि सिंह देवळाला पाठीवर घेऊन उभे दिसतात, त्यांच्यासाठी पुरेसा कातळ बरोबर राखला गेला. थर चुकला तर दगड बदलता येत नव्हता.

शंकासुर :
हे मात्र कमाल आहे. असा विचार कधी केला नव्हता.

कृष्णाकाठ :
हत्तींचा विषय निघाला आणि खिद्रापूर कुणी काढलं नाही? कोपेश्वराच्या भोवती हत्तींची रांग आहे, त्यांच्या पाठीवर देवता बसलेल्या. वर रेषाआणिछाया यांनी सांगितलेल्या व्याख्येने हे गजपीठच. पण गुजरातेतल्या गजथरात हत्ती लहान असतात, नुसते पट्टीत एकामागून एक. खिद्रापूरला ते चांगले मोठे, सुटे, समोर तोंड करून उभे. पुष्कळांची सोंड तुटलीय. तरीही लहान पोरं आधी त्यांच्याचकडे धावतात.

हत्ती खाली का, यावर आमच्याकडे सांगतात की भार वाहणारा प्राणी म्हणून. मला हे पटतं.

तंजावरी :
कर्नाटकात होयसळांकडेही सगळ्यांत खालची रांग हत्तींचीच. हळेबीडला हत्तींच्या वर सिंहव्याल, मग वेलबुट्टी, घोडेस्वार, कथापट्ट असे थर चढत जातात. हत्ती तळाशीच. भार वाहणारा प्राणी तळाला, हा विचार दक्षिणेतही दिसतो.

जर्सीकर :
दिल्लीच्या अक्षरधामचं २००५ मध्ये पूर्ण झालेलं गजेंद्रपीठ आठवलं. १४८ हत्ती कोरलेत तिथे. ही भाषा संपलेली नाही, देवळं घडवणारी सोमपुरा घराणी अजून तेच थर काढतात. इकडे न्यू जर्सीत रॉबिन्सव्हिलला २०२३ मध्ये नवं अक्षरधाम झालं. बाहेर बर्फ साचलेला असताना दगडावर तेच कुंभ-कलश बघून मला भरून आलं. पावसासाठी ठरलेले आकार आता बर्फालाही सामोरे जातायत.

शाळामास्तरीण :
मंडळी, पुस्तिकेतला मजकूर असा लिहिलाय, चुका काढा :

“गोंदेश्वराची पाचही देवळं एका मोठ्या ओट्यावर आहेत. हा ओटा म्हणजे जगती. त्यावर प्रत्येक देवळाचं जोतं. जोत्याचे दोन भाग. खालचा पीठ, वरचा वेदीबंध. पीठ सगळ्या देवळाला आधार देतं, वेदीबंध भिंतीला. वेदीबंधात खालून वर खुर, कुंभ, कलश आणि कपोत शोधा. कलशाच्या वरच्या अंधाऱ्या खाचेचं नाव अंतरपत्र. पावसाचं पाणी कोणत्या थराच्या काठावरून गळत असेल, ते मित्राला दाखवा.”

कातळवाट :
उत्तम. एकच सुचवतो. वेदीबंध हा काटेकोरपणे भिंतीचा भाग. ‘जोत्याचे दोन भाग’ ऐवजी ‘देवळाच्या पायथ्याला थरांचे दोन गट दिसतात’ असं करा.

रेषाआणिछाया :
आणि शेवटी एक काम द्या. देवळाची भिंत सरळ नसते, ती टप्प्याटप्प्याने पुढे-मागे होते. मधला सर्वांत पुढे आलेला भाग भद्र, कोपरा कर्ण, त्यांच्या मधले प्रतिरथ. पायथ्याचे थर हे सगळे कोपरे न चुकता वळत जातात. मुलांनी एका कर्णापासून दुसऱ्या कर्णापर्यंत खुराच्या कडेने चालत, प्रत्येक वळण कागदावर काढलं की देवळाचा आराखडा आपोआप हाती येतो. भिंती पडून गेलेल्या देवळाचा मूळ आराखडा अभ्यासक असाच शोधतात, उरलेल्या जोत्यावरून.

माणदेशी :
‘जोतं’ राहिलं याचा आनंद आहे. आराखड्याचं काम फार आवडलं.

पैठणकर :
वाचतोय केव्हापासून. औंढ्याचं नागनाथ कुणी घ्यावं म्हणून वाट पाहत होतो. तिथे खालचा अर्धा भाग काळ्या कोरीव दगडाचा आणि वरचा पांढरा, नंतरच्या काळात चुन्याने उभारलेला. रस्त्यावरूनही ती आडवी रेघ दिसते. जुनं देऊळ कितपत उरलंय हे पायथ्याचे थर सांगतात. पुष्कळ देवळांत शिखर पाडलं गेलं, पडलं किंवा नव्याने घातलं, पण जोतं बहुधा मूळ जागेवर असतं. काळ ठरवायला शिखरापेक्षा जोत्यावर भरवसा ठेवावा असं मला अनुभवाने वाटतं.

गोदाकाठ :
मग आमच्या गावच्या देवळाचं दुःख सांगतो. दोन वर्षांपूर्वी आवार ‘सुशोभित’ केलं. देवळाला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले, त्यासाठी भर टाकून आवाराची पातळी वाढवली. खुर पूर्ण गडप. कुंभाचाही खालचा भाग गेला. आता देऊळ जमिनीत रुतल्यासारखं दिसतं आणि पावसाळ्यात भिंतीच्या कडेला पाणी उभं राहतं. त्या वेळी यात काही चुकतंय हे कुणाला सुचलंच नाही, कारण त्या थराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

रेषाआणिछाया :
@गोदाकाठ, हे ठिकठिकाणी होतंय आणि यावर ओरडायला हवं. संरक्षित स्मारक असेल तर कायद्याचा आधार आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण गावोगावची बहुतेक देवळं कुठल्याच यादीत नाहीत, तिथे गावकऱ्यांनीच सांभाळायचं.

सगळं उखडायची गरज नाही. देवळाच्या कडेने हातभर रुंदीची पट्टी पेव्हर आणि भर काढून मोकळी करा, मूळ पातळी लागेपर्यंत. हाताने, हळू, कुदळ दगडाला न लावता. त्या पट्टीत खडी भरा. बाकी आवाराचा उतार देवळापासून बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे पाणी भिंतीकडे येणार नाही. सांध्यांत सिमेंट भरायला कुणी निघालं तर अडवा. सिमेंटमागे पाणी अडकतं आणि दगडाचा पृष्ठभाग सोलपटून निघतो. तैलरंगाचंही तेच. सुरू करायच्या आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा, आणि शक्य असेल तर पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला पत्र द्या. मूर्तीचे तुकडे किंवा लेख असलेला दगड सापडला तर हलवू नका.

पैठणकर :
या पट्टीच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. मात्र पावसाच्या तोंडावर हे काम काढू नका. खणून ठेवलेल्या चरात पाणी भरलं तर आहे त्यापेक्षा वाईट.

गोदाकाठ :
पुढच्या ग्रामसभेत विषय मांडतो. वरचा कातळवाट यांचा परिच्छेद आणि ही सूचना छापून नेऊ का?

कातळवाट :
अवश्य न्या. माझं नाव घालायची गरज नाही.

साष्टीकर :
गोव्यातून एक प्रश्न. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबकालीन, बेसाल्टचं, अनमोड घाटाच्या पायथ्याशी जंगलात. त्याचं जोतं मला सिन्नर-अंबरनाथच्या मानाने फारच साधं वाटतं. तिथे वेदीबंध म्हणायचं की अधिष्ठान?

तंजावरी :
कदंबांचा संबंध चालुक्यांच्या कर्नाटकाशी, त्यामुळे मी अधिष्ठानाकडे झुकेन. थरांचे जवळून काढलेले फोटो असतील तर टाका. कुमुद गोल आहे की पैलूदार, हे आधी पाहू.

साष्टीकर :
रविवारी जातोय, काढून आणतो.